बोटांनी ओळखायची अवजारं

लातुरात माझ्या वडलांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या खेड्यांतून विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या आणि वडील त्यांच्या पोटातली करपलेली तार उपसून नवी तार भरून द्यायचे. घर दुकानाच्या मागंच होतं. त्यामुळं माझ्या लहानपणाला तांब्याचा रंग आहे. उन्हात चमकणारी तारेची रिळं, व्हार्निशचा गोडसर उग्र वास, आणि उंबऱ्यात बसून पंख्यांची बारीक वेटोळी गुंडाळणारी माझी माय. मोटारींचं काम वडलांचं, पंख्यांचं मायचं. लाकडाच्या फरम्यावर ती फेरे मोजत तार गुंडाळायची आणि मोजताना तिला हाक मारली तरी ऐकू यायची नाही. ओठ हलत असायचे, नजर कुठंतरी लांब लागलेली असायची. मला वाटायचं, माय या वेळी इथं नसतेच. हात तेवढे उंबऱ्यात ठेवून ती कुठंतरी जाऊन येते.

उरलेल्या तुकड्यांचं ती माझ्यासाठी काहीबाही करायची. अंगठी, बाहुलीच्या पाटल्या, वेणीत खोवायचं फूल. अंगठीनं बोट हिरवं व्हायचं. ते हिरवं बोट मी शाळेत सगळ्यांना दाखवत फिरायचे.

पुढं माझं लग्न झालं, मी नांदेडला आले आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. नवरा रेल्वेत, मुदखेडला. वडील गेल्यावर लातूरचं दुकान बंद झालं. भावानं त्या जागेत मोबाइल दुरुस्ती सुरू केली आणि वडलांची अवजारं पोत्यात भरून माळ्यावर टाकली. टाकली म्हणजे अडगळ म्हणून नव्हे. ती समोर दिसली की त्याला काम सुधरायचं नाही.

मग मायच्या डोळ्यांचं सुरू झालं. काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसेनासं झालं. दाराची चौकट खांद्याला लागायला लागली, शेजारून आलेलं माणूस एकदम पुढ्यात उगवल्यासारखं वाटायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं जपायचं. रोज थेंब टाकायचे. माय कुणाला काही म्हणाली नाही. फक्त सकाळची लिंगपूजा लांबायला लागली. आमच्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. मागं समई तेवत असते आणि लिंगाच्या काळ्याभोर कांतीवर त्या ज्योतीचं एक टिपकं उमटतं. त्या टिपक्यावर नजर लावून बसायचं. माय पूर्वी बसायची त्याच्या दुप्पट वेळ बसायला लागली. आम्हाला वाटलं, वय झालं, मन देवाकडं लागलं. ते टिपकं अजून आहे ना, हे ती रोज बघून घेत होती, हे आम्हाला कळायला वेळ लागला.

माझी वहिनी जिवाला जीव देणारी बाई आहे. मायचा हात एकदा तव्यावर पडला, तेव्हापासून तिनं मायला चुलीपाशी येऊ दिलं नाही. भाजी चिरणं बंद झालं, दळण निवडणं बंद झालं. सगळं प्रेमानं, पण एकेक करत मायच्या हातातलं सगळं काम निघून गेलं. एकदा मी गेले तर ती ओसरीवर बसून झेंडूच्या वाळक्या हाराचा दोरा बोटाला गुंडाळत होती. गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. मी शेजारी बसले. विचारलं, काय पाहिजे तुला, काय आणू नांदेडहून. तिनं बोटावरचा दोरा पुन्हा सोडला. मग म्हणाली, "हाताला काईतरी पायजे गं. हात निजून राहिलेत नुसते."

त्या दुपारी मी माळ्यावर चढले.

पोतं खाली आणून सोडलं तेव्हा आधी वास आला. इतक्या वर्षांनी व्हार्निशचा वास तसाच होता. मायनं मान वर केली आणि एखादा पाहुणा आल्यासारखी सावरून बसली. मी एकेक वस्तू तिच्या हातात देत गेले. फरमा, लाकडी हातोडी, वडलांची नोज पक्कड, मोटारीच्या खाचा बंद करायच्या बांबूच्या खपच्या, आणि तळाशी अर्धवट संपलेली तारेची रिळं. ती प्रत्येक वस्तूवरून बोटं फिरवून बाजूला ठेवत होती, ओळीनं. रीळ हाताला लागलं तेव्हा तिनं तारेचं टोक शोधलं, वीतभर ओढलं आणि बोटांनीच वळवायला लागली, माझ्या लहानपणच्या अंगठीसारखी. वळण मनासारखं येईना. मग तिनं पक्कड मागितली. पकडीनं गोल जमला, पण तिनं नखानं चाचपून तो मांडीवर टाकून दिला.

"दात लागले तारेला," ती म्हणाली.

मी बघितलं. खरंच, पकडीच्या तोंडाला आतून खाचा असतात त्यांचे बारीक वण तांब्यावर उमटले होते. मला ते आधी डोळ्यांना दिसलेही नव्हते.

ती पक्कड मी पिशवीत घालून नांदेडला आणली. माझं पहिलं अवजार म्हणजे तेच, दात काढलेली पक्कड. शाळेतून आले की गॅलरीत बसायचं आणि कानस घेऊन घासत राहायचं. पोलाद घासायला वेळ लागतो. आधी आतल्या खाचा गेल्या, मग बाहेरच्या कडा. मग मी दोन्ही जबडे टोकाकडं निमुळते होतील असे गोल करत गेले, म्हणजे टोकाशी तार वळवली तर मोहरीएवढं वेटोळं आणि मुळाशी वळवली तर ज्वारीच्या दाण्याएवढं. शेवटी पॉलिश पेपर, अगदी बारीक, आणि त्यानंतर मऊ फडकं. समोरच्या लिंबाच्या झाडावर पोपट येऊन बसायचे, खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या द्यायचा, आणि कानशीच्या त्या एकसुरी आवाजात मला गुंगी आल्यासारखं व्हायचं. हात चालू असायचे आणि मी मात्र लातूरच्या उंबऱ्यात असायचे. नवरा ड्यूटीवरून येऊन समोर उभा राहिला तरी कळायचं नाही. त्यानं एकदा हसत विचारलं, हे काय करून राहिलीस. मी सांगितलं, मायसाठी पक्कड. दुसऱ्या दिवशी येताना तो सायकलच्या दुकानातून मूठभर जुने स्पोक घेऊन आला. म्हणाला, तारेचं काम आहे तर हे लागतील.

लागलेच. एका स्पोकचं टोक वाकवून मी हँडल केलं. लाकडाची एक छोटी चौकट घेतली, तिच्या दोन्ही उभ्या बाजूंना गिरमिटानं भोकं पाडली आणि स्पोक आरपार घातला. बारीक तारेचं टोक हँडलपाशी अडकवायचं, उजव्या हातानं फिरवायचं आणि डाव्या अंगठ्यानं तार सोडत राहायची. स्पोकवर तारेची वेटोळी एकाला एक चिकटून बसत जातात. मग स्पोक ओढून घेतला की हातात स्प्रिंगसारखी सळसळणारी एक नळी राहते. ती गोल वाकवली की फूल होतं, कापली की एकसारख्या कड्या होतात.

तिसरं अवजार म्हणजे खिळ्यांची पाटी. ते करताना मला फार अभिमान वाटत होता. सुताराकडून सागाचा तुकडा आणला, त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर खिळा ठोकला. खिळ्यांची डोकी कापली, कानशीनं गुळगुळीत केली. या खिळ्यांतून तार नागमोडी फिरवली की कानातल्याची हवी ती नक्षी निघते, आणि दुसऱ्या कानासाठी तशीच्या तशी पुन्हा काढता येते. मी स्वतः दोन-चार नक्ष्या काढून बघितल्या. सुंदर आल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर एसटीत बसले. लोहा, अहमदपूर, आणि मग लातूर. मांडीवर पिशवी, पिशवीत पाटी, आणि खिडकीतून येणारा वारा इतका कोमट की सगळ्या गाडीला झोप लागलेली. अर्धवट डुलकीत मला दिसलं की माय पाटीवर तार फिरवते आहे आणि खिळ्यांच्या जागी हरभऱ्याची रोपं उगवली आहेत.

पक्कड मायला लगेच आवडली. नख फिरवून तिनं तोंड तपासलं आणि नुसती मान हलवली. स्पोकची चौकट तर तिच्या हातात पडली आणि तिचे ओठ हलायलाच लागले. ती मोजत होती. कुणीही तिला मोजायला सांगितलं नव्हतं.

पाटी मात्र फसली. मायनं तार हातात घेतली, पहिल्या खिळ्याला वेढा दिला, दुसऱ्याला दिला, आणि मग तिची बोटं हरवली. ज्या खिळ्यावरून आलो तो कुठला, पुढचा कुठला, वर कुठं आणि खाली कुठं, काहीच लागेना. ती न रागावता पुन्हा सुरुवात करत होती आणि पुन्हा अडकत होती. शेवटी तिनं पाटीवर तळहात पालथा ठेवला.

"लई गर्दी केलीस गं," ती म्हणाली. "बाजारात गेल्यावानी होऊन राहिलं मला."

नांदेडला परत आल्यावर मी ती पाटी समोर घेऊन बसले आणि डोळे मिटले. तेव्हा मला समजलं. मी ती डोळ्यांसाठी केली होती. चौकटी डोळ्यांना दिसतात. बोटांना फक्त आत्ताचा खिळा आणि त्याच्या शेजारचा खिळा कळतो, बाकी सगळा अंधार. मी बहुतेक खिळे उपटून टाकले. थोडेच ठेवले आणि प्रत्येकाला वेगळं केलं. एक जाड, एक बारीक, एक आखूड, एकावर रबराची नळी चढवलेली. पाटीच्या वरच्या कडेला मधोमध एक खाच घेतली, म्हणजे अंगठा तिथं टेकवला की वर कुठं ते कळावं. आणि हे सगळं मी डोळे मिटून करून बघायला लागले.

ते दिवस मला अजून नीट आठवतात आणि तरीही स्वप्नात घडल्यासारखे वाटतात. दुपार कलली की मी गॅलरीत भिंतीला टेकून बसायचे, डोळे मिटायचे आणि तारेमागं जात राहायचे. आधी सगळे आवाज फार मोठे व्हायचे. भाजीवाल्याचा गाडा, कुणाच्या तरी दाराची कडी, लांबून गुरुद्वाऱ्याकडून येणारं कीर्तन. मग ते हळूहळू मागं सरायचे आणि बोटांखाली एक वाट उरायची. जाड खिळ्यापासून डावीकडं, रबराला वळसा, खाली उतरून बारीक खिळ्याशी थांबायचं. त्या वाटेनं चालता चालता मी एखाद्या वेळी पार झोपून जायचे. जाग आली की मांडीवर वळवलेली तार असायची आणि ती कधी वळवली ते आठवायचं नाही.

बाकीची अवजारंही मग अशीच झाली, एकेक, मायच्या सांगण्यावरून. पकडी सारख्याच लागतात हाताला म्हणून एका पकडीच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, दुसरीला सुतळी, तार कापायचीला काहीच नाही. अंगठ्या आणि कड्या वळवायला निमुळतं लाटणं घेतलं आणि त्यावर करवतीनं खाचा दिल्या, करंगळीची, मधल्या बोटाची, अंगठ्याची. मायनं त्या खाचा अजून खोल करायला लावल्या. तार चपटी करायला जुन्या तराजूतलं लोखंडी वजन पालथं घालून ऐरण केली. कानात घालायच्या आकडीचं टोक टोचू नये म्हणून लाकडात एक भोक पाडून आत पॉलिश पेपर चिकटवला. त्यात टोक घालून फिरवलं की ते मऊ होतं.

एक अवजार मात्र मायचं स्वतःचं. बांबूची खपची घेऊन तिनं तिच्या टोकाला चीर पाडली आणि वहिनीच्या मदतीनं अंगावर खाचा केल्या. चिरेत तारेचं टोक अडकतं, खाचांवर नख फिरवत लांबी कळते. दोन्ही कानांच्या तारा त्यावर बरोबर सारख्या निघतात. वडलांच्या हातची ती खपची होती, मोटारीत बसवायला तासून ठेवलेली. मायला ते माहीत होतं, पण तिनं ती आठवण म्हणून जपून ठेवली नाही. कामाची वस्तू कामाला लावली, इतकंच.

पहिलं धड कर्णफूल वहिनीनं घातलं. मधे वेटोळं, बाजूनं स्प्रिंगची झालर, खाली एक थेंब. आकड्या चांदीच्या केल्या होत्या, कान हिरवा होऊ नये म्हणून. माहेरच्या लग्नाला ती ते घालून गेली. परत आल्यावर तिनं मायला सगळं सांगितलं, कुणी विचारलं, कुणी हातात घेऊन बघितलं, कोणत्या मावशीनं कान पुढं केला. माय ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, हलत होतं का नीट चालताना. वहिनी म्हणाली, हाव, लई छान हलत होतं.

त्या हिवाळ्यात माय काही आठवडे माझ्याकडं राहायला आली. सगळी अवजारं एका पत्र्याच्या पेटीत भरून आणली, प्रत्येकाची जागा ठरलेली. नव्या घरात ती भिंतीला हात लावत फिरली आणि दुसऱ्याच दिवसापासून गॅलरीची जागा तिची झाली. सकाळी अंघोळ, पूजा, मग काम. मी शाळेत जाताना ती बसलेली असायची, येताना बसलेली असायची.

एक दिवस शाळेत कार्यक्रम होता आणि मला यायला उशीर झाला. दिवस मावळून गेला होता. जिन्यातूनच घरातला अंधार दिसला. उरलेल्या पायऱ्या मी पळतच चढले. दार उघडून आत गेले तर गॅलरीत माय बसलेली, मान किंचित वाकडी, आणि स्पोकच्या चौकटीचा तो ओळखीचा कुरकुर आवाज. अंधारात ती तार गुंडाळत होती. शांतपणे, न अडखळता. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तिच्या हातांवर पडत नव्हता.

मी बटन दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकून लागली. मायनं मान वळवली नाही, पापणीही हलली नाही.

मी तिच्याजवळ खाली बसले. मग विचारलं, "माय, दिवा लावलाय. कळालं का?"

तिचे हात थांबले. बोटातली तार तिनं तशीच धरून ठेवली.

"न्हाई," ती म्हणाली. "टिपकं गेलं गं. लिंगावरचं."

"कधी?"

"कवा गेलं ते ध्यानातच आलं न्हाई बघ. लई दिवस रोज बघायची, हाय का, हाय का. मग हे काम लागलं मागं. एका सकाळी बसले तर न्हाई. म्हटलं, काल होतं का? तर आठवना."

मी रडायला लागले. आवाज न करता, पण तिला कळलं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, समजूतही घातली नाही. तिनं तार गुंडाळून पूर्ण केली, स्पोक ओढून घेतला आणि ती नळी माझ्या तळहातावर ठेवली. नळी तिच्या हातांनी गरम झालेली होती. म्हणाली, भीती वाटली होती ती कधीच वाटून गेली, आता नुसतं सकाळ कधी झाली ते सांगत जा. नवरा मुदखेडहून आला तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. त्याला मी स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. तो बाहेर येऊन मायला म्हणाला, "मामी, रविवारी विष्णुपुरीला जाऊ. गोदावरी बघून येऊ." आणि बोलून गेल्यावर त्याचंच त्याला कसंतरी झालं.

माय मात्र म्हणाली, "चला की जावईबापू. पाण्याचा आवाज लई दिवसांत ऐकला न्हाई."

रविवारी गेलो. धरणाच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी पसरून संथ होतं, तिथं एका दगडावर तिला बसवलं. थंडीतलं कोवळं ऊन होतं आणि धुकं अजून पुरतं उठलेलं नव्हतं. त्यामुळं पलीकडचा काठ आहे का नाही ते मलाही सांगता येत नव्हतं. लांब कुठंतरी नाव हलत होती, वल्ह्याचा आवाज आधी येत होता आणि नाव नंतर दिसत होती. मायनं विचारलं, नदी इथं सरळ आहे का वाकडी. मी म्हणाले, वळते. कशी वळते, तिनं विचारलं. शब्दांत काही सांगता येईना. मी तिचा हात घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत बोटानं ते वळण काढून दाखवलं, मोठं, सैल, कुठंही घाई नसलेलं. तिनं पुन्हा काढायला लावलं. मग परत एकदा. ऊन तापल्यावर आम्ही उठलो. येताना अर्धापूरच्या केळ्यांचा एक घड घेतला.

घरी आल्यावर ती मला म्हणाली, तसं वळण काढायला अवजार कर. ते सोपं नव्हतं. पाटीवरचे खिळे लहान वळणांचे. लाटणं लहान. स्पोक तर अगदीच लहान. मग आम्ही घरातल्या गोल वस्तू गोळा केल्या. पिठाचा डबा, खलबत्ता, तांब्या, पाण्याची घागर, प्रयोगशाळेतून टाकून दिलेला एक काचेचा चंबू. माय एकेकीवर जाड तार टेकवून बघत होती आणि नको म्हणत होती. डबा फार गोल. चंबू फार गुळगुळीत, तार निसटते. घागरीच्या गळ्यापाशी ती थांबली. तिथं गळा संपून पोट सुरू होतं, तिथं वळण एका दिशेनं जाता जाता सावकाश दुसरीकडं वळतं. तिनं अंगठा दोन-चार वेळा तिथून फिरवला.

"हे बघ," ती म्हणाली. "हेच हाय."

घागर हलू नये म्हणून मी तिला गोणपाटाच्या चुंबळीवर आडवी बसवली, वरून सुती पट्टी गुंडाळली आणि लाकडी हातोडीला चामडं लावलं. त्या घागरीवर मायनं गळ्यातली एक हसळी केली. बरेच दिवस चाललं ते काम. जाड तार ताणायला मी, वळवायला ती. आणि मग एका दुपारी ती म्हणाली, माप घ्यायचंय, जवळ ये.

मला वाटलं होतं हसळी वहिनीसाठी आहे. मी जवळ गेले, पदर बाजूला केला. मायनं दोन्ही हात माझ्या गळ्यावर ठेवले. मानेमागून, खांद्याच्या हाडावरून, पुढं गळ्याच्या खळग्यापर्यंत तिची बोटं सावकाश उतरत आली. लहानपणी वेणी घालायची त्यानंतर तिचा हात असा माझ्यावरून कधी फिरला नव्हता. मी डोळे मिटले. तिच्या बोटांना तांब्याचा वास होता.

गळ्यापाशी येऊन ती थांबली. तिथं पुन्हा एकदा चाचपलं.

"वळ्या पडल्यात तुझ्या गळ्याला," ती म्हणाली, आश्चर्यानं.

"पन्नाशी आली की माय."

"माझ्या ध्यानात तू अजून लग्नातलीच होतीस."

आम्ही दोघी हसलो. ती हसता हसता पुन्हा बोटं फिरवत राहिली, जणू मधली सगळी वर्षं तिला आता मोजून घ्यायची होती. हसळी तिनं त्या वळ्यांच्या बरोबर खाली बसेल अशी केली. सणावाराला मी ती घालते. तांबं आहे, काळं पडतं, चिंचेनं घासलं की पुन्हा उजळतं.

थंडी सरल्यावर माय लातूरला परत गेली. पेटी तिच्याबरोबर गेली. माझ्याकडं मी दुसरा संच करून ठेवला आहे, ती आली की लागतो म्हणून. खरं तर मीही आता त्यावर बसते. शाळेतून आल्यावर, चहा झाल्यावर, थोडा वेळ.

गेल्या महिन्यात मी न कळवता लातूरला गेले. दुपारची वेळ होती. ओसरीवर चटई पसरलेली आणि मायभोवती गल्लीतल्या तीन-चार बायका बसलेल्या. शेजारची निलंग्याकडची म्हातारी मायशी अर्धं कानडीत बोलत होती. मायचं माहेरही त्याच अंगाचं, त्यामुळं दोघींचं जमतं. म्हातारी लाटण्यावर नातवासाठी कडं वळवत होती, एक जण स्पोक फिरवत होती, कुणीतरी मिरच्या मोडत नुसतीच बसली होती. मागं भावाच्या दुकानातून कुठल्या तरी फोनची रिंगटोन पुन्हा पुन्हा वाजत होती. वहिनीनं मला बघितलं आणि तोंड उघडलं. मी तिला खुणेनं थांबवलं, चपला काढल्या आणि रिकाम्या जागी जाऊन बसले.

मायला वाटलं, नवीन कुणी शिकायला आलं. तिनं हात पुढं करून माझं मनगट शोधलं, सुतळी गुंडाळलेली पक्कड माझ्या मुठीत दिली, तारेचं टोक पकडीच्या तोंडात बसवलं आणि माझी बोटं नीट मिटवली.

"अशी धरायची," ती समजावून म्हणाली. "दाबायची न्हाई. तार आपसूक वळती, तिला वेळ द्यायचा."

मी मान हलवली. ती तिला दिसली नाही हे लक्षात आलं, तरी बोलले नाही. तार सावकाश वळवायला लागले, तिनं सांगितलं तशी. समोरच्या चिंचेच्या झाडाची सावली ओसरीवर हलत होती, म्हातारी कानडीत काहीतरी गुणगुणत होती, आणि मायचा हात माझ्या हातावर तसाच होता, वळणाबरोबर फिरत.